दुसरा तीळ

७ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

नमस्कार. माझं पत्र बघून तुम्ही आधी दाराला कडी लावाल, असा माझा अंदाज आहे. लावा, आणि मग सावकाश वाचा. फोन केला असता, पण फोनवर माणूस अर्धं ऐकतो, अर्धं खोकतो आणि मागाहून ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणून मोकळा होतो. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, परीक्षेत कॉपी करणारी मुलं पकडली. तेव्हापासून माझा विश्वास फक्त लेखी उत्तरावर.

विषय तुमच्या मित्राचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. तुम्ही कॉलेजपासून त्यांना ‘घार’ म्हणता, ते त्यांच्या नजरेमुळे. नकाशे काढायच्या खात्यात छत्तीस वर्षं निघाली तीही त्या नजरेच्याच जोरावर. तर या घारीचं सध्या काय चाललंय, हे मला कळायला हवं आहे.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून हे दर बुधवारी सकाळी साडेदहाला बाहेर पडतात आणि संध्याकाळी सातला परततात. कुठे जाता विचारलं तर म्हणतात, दाताच्या डॉक्टरकडे. भाऊजी, माणसाला दात बत्तीस. त्यातले ह्यांचे उरलेत एकवीस. आणि बुधवार झाले अकरा. एवढ्या वेळात मगरीचा जबडा दुरुस्त होऊन आला असता.

तरी मी गप्प होते. या वयात नवऱ्याचे खिसे तपासणं शोभत नाही. पण मागच्या रविवारी कोट धुवायला काढला, आणि धुण्याआधी खिसे बघायचेच असतात, त्याला तपासणी म्हणत नाहीत. आतून बसची तिकिटं निघाली. तुमच्या गावची, म्हणजे आपल्या कॉलेजच्या गावची, जायची आणि यायची. आणि एक पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर ह्यांच्या हाताने, पण भलत्याच मोठ्या अक्षरात लिहिलेलं:

‘पहिला तीळ दिसला की तयार. दुसरा तीळ दिसला की सोड.’

मी ते तीनदा वाचलं. माझ्या अंगावर एकही तीळ नाही, हे तुम्हाला सांगायचं काही कारण नाही, तरी सांगते. ही कोण बाई आहे आणि तिला एक नाही तर दोन तीळ का आहेत, हा तिचा प्रश्न. माझा प्रश्न शेवटच्या शब्दाचा आहे. सोड म्हणजे कुणाला सोड?

घरातली लक्षणंही बरी नाहीत. बोलताना नजर चुकवतात. डोळ्याला डोळा म्हणून देत नाहीत, माझ्या डाव्या कानाकडे बघून बोलतात. पेपर वाचणं बंद केलं, म्हणे त्यात काही राम राहिला नाही. स्कूटर विकून टाकली, म्हणे गुडघा दुखतो. आणि परवा मी भाजी घेऊन येत होते, हे समोरून आले. मी हसले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सरळ पुढे निघून गेले. घरी विचारलं तर म्हणाले, ‘विचारात होतो.’ कुणाच्या, ते नाही म्हणाले.

मला राग आलाय असं तुम्हाला वाटेल. आलाच आहे. पण त्याच्याखाली भीती आहे. चौसष्टाव्या वर्षी नवऱ्याने सोडलं तर लोक काय म्हणतील ते म्हणोत, मला त्यांच्याशिवाय जेवायची सवय नाही.

उत्तर असं टाका की बुधवारी पोचेल. बुधवारी घरी मी एकटीच असते.

तुमची वहिनी

१० फेब्रुवारी

वहिनी,

सप्रेम नमस्कार. कडी नाही लावली, पण पुस्तकं बांधायला घेऊन आलेल्या एका गिऱ्हाइकाला अर्धा तास ताटकळत ठेवलं. बायको म्हणाली, तोंड असं का झालंय तुमचं? म्हटलं, सरसाचा वास चढला. एवढं खोटं तुमच्यापायी बोललो.

अहो, किती ती शंका. साप साप म्हणून भुई धोपटताय तुम्ही. घार आणि दुसरी बाई? त्याला पहिली मिळवताना नाकी नऊ आले होते, त्याचा साक्षीदार मी आहे. आठवतंय ना? कॉलेजच्या सिनेमाघरात तो वर केबिनमध्ये मशीन चालवायचा, आणि मी खाली अंधारात बॅटरी घेऊन लोकांना जागा दाखवायचो, म्हणून मला सगळे काजवा म्हणायला लागले. तुम्ही दर शनिवारी दुपारच्या खेळाला एकट्याच यायचात आणि ‘ह’ रांगेतली शेवटची खुर्ची धरायचात. चार महिने तो वरच्या झरोक्यातून पडद्याऐवजी तुमच्याकडे बघत होता. शेवटी चिठ्ठी मीच आणून दिली. ती खुर्ची अजून तशीच आहे, फक्त डावा हात निखळलाय तिचा. असल्या माणसावर संशय घेता?

आता खरं काय ते सांगतो. दात वगैरे सगळं थाप. तो बुधवारी माझ्याकडे येतो आणि आम्ही पत्ते खेळतो. उतारवयात पत्त्यांचा नाद लागला, हे गणिताच्या बाईंना कसं सांगायचं म्हणून लाजतो बिचारा. ‘तीळ’ म्हणजे आमच्या खेळातला एक्का. एक्क्यावर मधोमध एकच ठिपका असतो की नाही, म्हणून तीळ. पहिला एक्का दिसला की तयार राहायचं, दुसरा दिसला की हातातलं पान सोडायचं. इतकी साधी गोष्ट. नजर चुकवत असेल तर ती हरल्याची लाज.

मी हे लिहिलंय असं त्याला कळू देऊ नका. आणि कृपा करून आणखी काही शोधू नका.

आपला,
काजवा

१९ फेब्रुवारी

भाऊजी,

पेपर तपासला. दोन चुका सापडल्या.

पहिली चूक. तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी कपाटातून पत्ते काढले, ह्यांच्यासमोर टाकले आणि म्हटलं, चला, एक डाव होऊन जाऊ दे. ह्यांनी पानं उचलली, बाजूला धरली, उलटसुलट केली आणि खाली ठेवली. म्हणाले, ‘आज नको.’ मी बदामाचा एक्का त्यांच्या नाकासमोर धरला आणि विचारलं, हे काय आहे? तर म्हणाले, ‘राणी असेल.’ तीन महिने दर बुधवारी पत्ते कुटणाऱ्या माणसाला एक्का कळत नाही, आणि डोक्यात राणी. यावर मी वेगळं काय लिहू?

दुसरी चूक तुमची, आणि ती मोठी. ते सिनेमाघर बंद होऊन वीस वर्षं झाली असं मी धरून चालले होते. मग माझ्या खुर्चीचा डावा हात निखळलाय, हे तुम्हाला कुणी सांगितलं? उचलली जीभ लावली टाळ्याला, असं होतं ते हे.

म्हणून काल मी ह्यांच्या मागच्या बसने आले.

कॉलेजचं फाटक बदललंय. सायकलींच्या जागी गाड्या, कँटीनच्या जागी झेरॉक्सचं दुकान. पण व्यायामशाळेमागची ती लांबट इमारत आहे तशी आहे, दारावरच्या अक्षरांतली दोन पडलीत तेवढीच. भिंतीवर कागद डकवला होता: दर बुधवारी दुपारी तीन वाजता, जुन्या रिळांवर जुने चित्रपट, मे अखेरपर्यंत, त्यानंतर मशीन हलवणार. आत चौदा-पंधरा मुलं-मुली, मध्ये मध्ये रिकाम्या रांगा. कुबट पडद्याचा वास, त्याच्या खाली फरशी पुसायच्या औषधाचा वास. मी ‘ह’ रांगेत जाऊन बसले. डावा हात खरंच निखळलाय.

तुम्हाला माहीत नसेल, मी शनिवारी का यायचे. सिनेमाचं मला एवढं वेड नव्हतं. आईची दृष्टी गेली तेव्हा मी अकरा वर्षांची, ती वारली तेव्हा बावीसची. बाजार, दवाखाना, न्हाणी, सगळीकडे तिचा हात माझ्या खांद्यावर. शनिवारी दुपारी मावशी येऊन बसायची तेवढे दोन तास माझे. त्या खुर्चीवर मला कुणी धरलेलं नसायचं. काल तिथे बसल्यावर ते सगळं आठवलं, आणि मग आपण इथे काय करायला आलोय तेही आठवलं.

तुम्ही दुसऱ्या रांगेत होतात. टक्कल पडद्याच्या उजेडात चमकत होतं. काजवा हे नाव आता शोभतं.

आणि हे आले. बरोबर एक बाई. उंच, करड्या केसांची, चष्म्याची साखळी गळ्यात. केबिनच्या लोखंडी जिन्याशी ह्यांनी तिच्या कोपराला धरलं आणि दोघं एकेक पायरी चढून वर गेले. सावकाश, अगदी घाई नाही. दार लागलं. मी त्या केबिनच्या बरोबर खाली. साधारण वीस मिनिटांनी वरून ह्यांचा आवाज आला, ‘आला!’ थोड्या वेळाने पुन्हा, ‘आला, सोड!’ आणि ती बाई म्हणाली, ‘शाब्बास.’ आणखी वीस मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी उठले आणि बसस्टँडवर जाऊन बसले. चित्रपट कसला होता ते मला ठाऊक नाही.

भाऊजी, आता मला सगळं कळलंय. काय आहे, केव्हापासून आहे, तीळ कुठे आहे, सगळं. लपवण्यात आता काही अर्थ नाही. एवढंच लिहा की ही गोष्ट त्यांनी मला का नाही सांगितली.

वहिनी

२१ फेब्रुवारी

वहिनी,

सुटलो. खरंच सांगतो, पत्र वाचून डोक्यावरचं ओझं उतरलं. पत्त्यांची थाप मारताना माझी मलाच लाज वाटली होती. तुम्हाला आज ना उद्या कळणारच, हे मी त्याला पहिल्या दिवसापासून सांगत होतो.

का नाही सांगितलं, ते तुमच्याचमुळे. ऑक्टोबरात तो आपले जुने नकाशे बांधून घ्यायला माझ्याकडे आला. मी समास दाखवला तर त्याला दिसेना. म्हणाला, ‘काजव्या, रेघ सुरू होते, मधे धुक्यात जाते आणि पलीकडे पुन्हा निघते.’ मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता डोळ्याच्या डॉक्टरकडे चल. तो अडून बसला. म्हणाला, लग्नाआधी हिने मला एकच गोष्ट सांगितली होती. म्हणाली होती, ‘मी अकरा वर्षं एका माणसाला हाताला धरून चालवलंय. आता मला जन्मात कुणाला धरून चालवायचं नाही.’ तो म्हणाला, ‘त्या बाईला मी पुन्हा तेच करायला लावू? डॉक्टरकडे गेलो की ते खरं होईल.’ 

नोव्हेंबरात सिनेमाघर पुन्हा उघडलं. तुम्ही बघितलंत त्या बाई भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक. मुलांचं चित्रपट मंडळ त्या चालवतात, आणि जुनं मशीन चालवता येणारा माणूस त्यांना हवा होता. मला तेव्हा एक कल्पना सुचली. केबिनचं काम तुम्ही कधी बघितलेलं नाही, म्हणून सांगतो. चित्रपट एका रिळावर मावत नाही. मशीन दोन असतात. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका क्षणभर येऊन जातो. प्रेक्षकांना तो कधी दिसत नाही. आम्ही त्याला तीळ म्हणायचो. पहिला तीळ दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा तीळ दिसला की तिकडचा उजेड पडद्यावर सोडायचा. चुकलं की पडदा पांढरा आणि सगळं थिएटर शिट्ट्या मारतं. घार आपल्या काळात एकदाही चुकला नव्हता. तो पुठ्ठा त्याने बाईंसाठी लिहिला होता, त्यांचा हात अजून बसलेला नाही म्हणून.

तर मी त्याला म्हटलं, आपण करार करू. तीळ दिसतोय तोवर मी गप्प. ज्या दिवशी तीळ चुकेल त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर, आणि वहिनींना सगळं सांगायचं. तो हसून हो म्हणाला.

आणि वहिनी, सांगायला आनंद वाटतो, तीन महिन्यांत एकदाही चुकला नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलेला ठिपका बरोबर पकडतो. त्यामुळे मी निर्धास्त आहे. मधलं धुकं वयाचं असेल. परवाचीच गंमत. खेळ संपल्यावर मला विचारतो, ‘शेवटी ती बाई हसत होती की रडत होती?’ मी म्हटलं, रडत होती, एवढा मोठा चेहरा पडदाभर होता की. म्हणाला, ‘आवाजावरून वाटलंच.’ पण तीळ? एकही सुटला नाही.

तुम्हाला कळलं ते बरं झालं. आता त्याच्यावर रागावू नका.

काजवा

२३ फेब्रुवारी

भाऊजी,

मला काहीही कळलेलं नव्हतं. शाळेत मी असंच करायचे. ‘मला सगळं कळलंय’ म्हटलं की मुलं आपणहून बोलतात. तुम्हीही बोललात.

मला बाई सापडेल असं वाटलं होतं. सापडली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतंय. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

तीळ कुठे असतो? कोपऱ्यात. तुम्हीच लिहिलंय. भाऊजी, कोपऱ्यातलं शेवटपर्यंत दिसतं. जातं ते मधलं. माझ्या आईला खिडकीच्या चौकटीवरून जाणारी मुंगी दिसायची, आणि समोर उभी असलेली मी कोण, हे तिला विचारावं लागायचं. तुम्ही दोघांनी तीन महिने नेमकी तीच जागा तपासलीत जिथे काही बिघडलेलं नव्हतं. पडदाभर चेहरा होता तो दिसला नाही, आणि ठिपका दिसला म्हणून तुम्ही टाळ्या वाजवल्यात. असली चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. त्यासाठी केबिनमध्येच वाढावं लागतं.

नजर चुकवत नव्हते ते. कानाकडे बघितलं की माझा चेहरा कडेला येतो, म्हणून बघत होते.

मी जे म्हणाले होते ते मला आठवतं. आईला जाऊन दोन महिने झाले होते, माझा खांदा अजून दुखत होता. बावीस वर्षांच्या मुलीचं बोलणं माणूस चाळीस वर्षं जपून ठेवेल, हे मला काय माहीत?

परवा बुधवार. ते बसस्टँडवर येणार नाहीत. मी त्यांना डोळ्याच्या इस्पितळात घेऊन जाते आहे. त्यांना ते अजून माहीत नाही. तुम्ही फोन करू नका. तुमचा आवाज ऐकून ते सावध होतील.

वहिनी

९ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र आल्यापासून मी नीट एक पान शिवलेलं नाही. परवा एका वकिलाचं पुस्तक उलटं बांधलं.

दोन बुधवार गेले, तुमच्याकडून अक्षर नाही. फोन करू नका म्हणालात म्हणून केला नाही. बाई त्याची चौकशी करतात. त्याच्याऐवजी तीळ पकडायला मला बसवलं, तर मी दोनदा चुकलो, पडदा पांढरा झाला आणि मुलांनी शिट्ट्या मारल्या. त्या शिट्ट्या मला लागल्या नाहीत. मी दुसऱ्याच विचारात होतो.

एकच विचारतो. आमच्या त्या करारामुळे उशीर झाला का? त्याला विचारलं तर तो थट्टेवारी नेईल. तुम्ही मला खरं काय ते लिहा. माझ्याकडून खोटं ऐकून घेतलंत, तरी तुम्ही खरं लिहाल असा माझा विश्वास आहे.

काजवा

१६ मार्च

काजव्या,

अक्षर बघून दचकू नकोस. बोलतोय मी, लिहितेय ही. मधे कंसात काही आलं तर ते माझं नाही.

आधी मी कसा पकडला गेलो ते ऐक. गेल्या महिन्यातल्या त्या मंगळवारी सकाळी ही चहा घेऊन समोर बसली. मी नेहमीप्रमाणे गप्पा मारतोय. पाणी कधी येणार, शेजारच्याने गच्ची का अडवली, सगळं झालं. ही मधूनच हं, हं करतेय. अर्ध्या तासाने म्हणते, ‘माझ्या चेहऱ्यावर काही वेगळं दिसतंय का?’ मी म्हटलं, नाही बुवा, नेहमीसारखी छान दिसतेस. तर नाकाला आणि दोन्ही गालांना ही बाई निळी शाई फासून बसली होती. (फासली नव्हती. तीन ठिपके दिले होते. चांगले मोठे.) मला वाटलं आता बोलणी बसणार. पण ती नुसती उठली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली, ‘डोळ्याच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली आहे, आज चष्म्याचे जुने कागद शोधायचेत.’ बस, एवढंच. मी तीन महिने ज्याला घाबरलो ते इतक्यात उरकलं. (रडणं नंतर झालं. दोघांचं. ते लिहू नको म्हणतात, पण मी लिहिणार.)

डोळ्यात सुई टोचतात रे. ऐकायला भयंकर, पण कळत नाही फारसं. एक झाली, अजून चार आहेत. डॉक्टर तरुण आहे, बोलायला बरा. सुया संपल्या की फरक पडेल म्हणतो. मला आत्ताच थोडा वाटतोय. मे महिन्यात मशीन हलवायच्या आधी शेवटचा खेळ होईल, त्याला मी झरोक्याशी असणार, बाईंना सांगून ठेव. तू मधल्या काळात तीळ पकडू नकोस. तुझ्याच्याने ते व्हायचं नाही, तू खाली बॅटरी घेऊन हिंड.

आणि ऐक, तू मनाला लावून घेऊ नकोस. करार तुझा असला तरी हो म्हणणारा मी होतो. गाढव दोन होते, एकट्याने श्रेय घेऊ नकोस. (हे मात्र अगदी बरोबर बोलले.)

तुझा,
घार

भाऊजी, इथून पुढचं माझं. वरचं सगळं त्यांना वाचून दाखवलं, आणि ते आतल्या खोलीत बातम्या ऐकायला गेलेत.

तुम्ही खरं लिहा म्हणालात. हो, उशीर झाला. डॉक्टरांनी औषधं समजावून द्यायच्या निमित्ताने मला एकटीला थांबवलं. उजव्या डोळ्याचं मधलं गेलं ते गेलं. डाव्यात जे उरलंय ते सुयांनी टिकेल, टिकलं तर. वाढणार नाही. मी विचारलं, डिसेंबरात आलो असतो तर? ते म्हणाले, उजवाही बराचसा वाचला असता. मी विचारलं, नक्की? ते म्हणाले, बहुतेक.

हे त्यांना सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय की पाच सुया झाल्या की जुनी नजर परत येणार. सांगायला हवं, रोज ठरवते, रोज राहून जातं. तुम्हाला पत्रातून काय काय बोलले ते मला आठवतंय, आणि आता मी तेच करतेय.

तुमच्यावर फार चिडले होते. अजून थोडी आहे. पण तुम्हाला एक सांगून टाकते, कारण ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं की मधलं आधी जातं. मला माहीत होतं. नजर कानावर येणं, पेपर सुटणं, रस्त्यात ओळख न पटणं, मोठ्या अक्षरात लिहिणं, हे सगळं मी अकरा वर्षं रोज बघितलेलं होतं. डिसेंबरात ते माझ्याच घरात, माझ्याच समोर बसून चालू होतं, आणि मला काय सुचलं, तर बाई. तुम्ही तीळ बघत बसलात, मी तिकिटं शोधत बसले. तेव्हा उशीर तुमच्या एकट्याच्या माथी मारून घेऊ नका. मला तेवढंही सुख द्यायचं नाही तुम्हाला.

शनिवारी या. थट्टा करा, जुनं काही काढा, डोळ्यांचा विषय काढू नका. खोटं बोलायला तुम्ही कच्चे आहात, त्यामुळे बोलण्याचं काम मी करीन.

रोज सकाळी चहा देताना मी विचारते, कालच्यापेक्षा बरं दिसतंय का? ते म्हणतात, हो, आज बराच फरक आहे. पहिले चार दिवस मला वाटलं, खरंच असेल, डॉक्टर चुकले असतील. आता वाटतं, त्यांना सगळं कळलंय आणि ते मला सांभाळून घेतायत. जन्मभर मी प्रत्येक गोष्ट खोदून खोदून विचारली. हे काही मी त्यांना विचारत नाही.

तुमची वहिनी